ना ड्रम, ना बास: मॉस्को आर्ट ट्रिओ नेमकं वाजवायचं तरी काय?

जॅझ ट्रिओ, म्हणजे तिघांचा ग्रुप, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर ठरलेलं चित्र येतं. पियानो, उभा डबल बास, ड्रम, आणि अंधुक लाइटमध्ये माना डोलावणारी मंडळी. मॉस्को आर्ट ट्रिओत यातला फक्त पियानो होता. दुसरा माणूस फ्रेंच हॉर्न वाजवायचा, जे सिम्फनी ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसणारं वाद्य आहे आणि जॅझवाले सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. तिसरा माणूस रशियन खेड्यातली गाणी गायचा, लग्नाची, नवरीच्या रडण्याची, सणावाराची, आणि गाता गाता मधेच क्लॅरिनेट उचलायचा नाहीतर गायीचं शिंग लावलेली पिपाणी. ताल धरून बसणारा असा कुणीच नव्हता. तरीसुद्धा याला जॅझ म्हणतात, कुणी वर्ल्ड म्युझिक म्हणतं, कुणी पाश्चात्त्य क्लासिकलच्या खणात टाकतं, आणि मला विचाराल तर तिघंही अर्धवट बरोबर आहेत.

आधी माणसं कोण ते बघू, कारण या संगीतातलं निम्मं कोडं तिथेच सुटतं.

तिघंही १९५६ सालचे. पियानोवाला मिखाईल आल्पेरिन, सगळे मिशा म्हणायचे. जन्म युक्रेनमधल्या कामेनेत्स-पोदिल्स्कीचा, बालपण मोल्दोव्हातल्या बेंदेरी गावात, आणि तिथे तो लग्नात वाजवायचा. मोल्दोव्हातली लग्नं म्हणजे तासनतास नाच, आणि नाचाचे ठेके सरळ दोन-चारचेच असतील असं नाही, २+२+३ असे लंगडत चालणारे पण असतात. त्याच्या जोडीला दोइना नावाचा प्रकार, ज्यात ठेका असा नसतोच, गाणारा किंवा वाजवणारा स्वतःच्या श्वासाने सूर ओढत, थांबत, परत उचलत जातो. हे दोन्ही त्याच्या हातात बसलं होतं, मग कॉलेजातलं क्लासिकल शिक्षण, मग जॅझचं वेड, आणि ऐंशीच्या दशकात मॉस्को. म्हणजे "रशियन ट्रिओ" म्हणतो खरं, पण त्याचा म्होरक्या युक्रेनमध्ये जन्मलेला, मोल्दोव्हात वाढलेला ज्यू माणूस, आणि पुढे १९९३ पासून तो राहिला नॉर्वेत. सोव्हिएत काळातल्या बऱ्याच गोष्टींचं असंच आहे, लेबल एक आणि आत चार देश.

हॉर्नवाला आर्कादी शिल्क्लोपर. हा पक्का मॉस्कोचा, लहानपणापासून पितळी वाद्यांवर, अकराव्या वर्षी लष्करी संगीतशाळेत फ्रेंच हॉर्न हातात आलं आणि १९७८ ते १९८५ हा माणूस बोल्शॉय या मॉस्कोच्या नावाजलेल्या ऑपेरा-बॅले थिएटरच्या ऑर्केस्ट्रात नोकरीला होता. बोल्शॉय! तिथली जागा मिळाली की लोक रिटायर होईपर्यंत सोडत नाहीत. त्यानंतर १९८९ पर्यंत मॉस्को फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा. आणि या सगळ्या काळात एकीकडे जॅझ. ऑर्केस्ट्रात कागदावर लिहिलेला एकेक सूर जसाच्या तसा, आणि दुसरीकडे कागदच नाही.

तिसरा सेर्गेई स्तारोस्तिन. लहानपणी मुलांच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या ग्रुपमध्ये गायला, मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीताच्या कॉलेजात क्लॅरिनेट शिकला, म्हणजे तोही क्लासिकलवालाच, पण मग खेडोपाडी जाऊन म्हाताऱ्या बायकांची गाणी रेकॉर्ड करायचा नाद लागला आणि त्या नादाने त्याला पूर्ण बदलून टाकलं. नुसती गोळा करून कपाटात ठेवली नाहीत, त्यांच्यासारखं गायला शिकला.

आल्पेरिन आणि शिल्क्लोपर या दोघांनी १९८९ च्या जुलैमध्ये ओस्लोला जाऊन इसीएम या जर्मन कंपनीसाठी एक अल्बम रेकॉर्ड केला, आणि १९९० च्या आसपास स्तारोस्तिन येऊन मिळाला, झाला ट्रिओ. तारखा जरा बघा, बर्लिनची भिंत पडायच्या आगेमागे हे चाललंय आणि १९९१ च्या शेवटी तर सोव्हिएत युनियनच राहिलं नाही. दहा वर्षं आधी असं उठून ओस्लोला जाऊन रेकॉर्डिंग करणं म्हणजे अवघडच काम होतं.

किती अवघड, त्याचं एक उदाहरण सांगतो. यांच्या आधी सोव्हिएत युनियनमधला गाजलेला ट्रिओ म्हणजे गानेलिन ट्रिओ, व्हिल्नियसमध्ये राहणारा, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून ऐंशीच्या मध्यापर्यंत वाजवत होता. पियानो, सॅक्सोफोन आणि ड्रम. डबल बास त्यांच्याकडेही नव्हता. देशात रेकॉर्ड काढणारी सरकारी कंपनी एकच, मेलोदिया. तर गानेलिन ट्रिओच्या पूर्व जर्मनीतल्या कॉन्सर्टची टेप लंडनला पोचली आणि तिथे लिओ फायगिन नावाच्या रशियन गृहस्थाने आपल्या लेबलवर ती छापली, आणि कव्हरवर चक्क लिहिलं की ह्या टेप्स प्रसिद्ध केल्याची कुठलीही जबाबदारी वादकांवर नाही. का लिहिलं ते उघड आहे, घरी बसलेल्या त्या तिघांना कुणी जाब विचारू नये म्हणून. तर मॉस्को आर्ट ट्रिओच्या वेळेपर्यंत हे सगळं ढिलं झालं होतं. त्यांना काही लपवावं लागलं नाही.

आता मुख्य मुद्दा. अशा ग्रुपबद्दल लिहिताना लोक एक सोपं वाक्य टाकून मोकळे होतात, की लोकसंगीताची धून घेतली, क्लासिकलचा साज चढवला आणि जॅझचं इम्प्रोव्हायझेशन केलं. म्हणजे गावाकडून चाल आली, कॉन्झर्व्हेटरीकडून शिस्त आली आणि अमेरिकेतून स्वातंत्र्य आलं. ऐकायला बरं वाटतं पण मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं की ऐनवेळी सुचेल ते वाजवणं ही सवय तिन्ही घरांत आधीपासून होती आणि हे तिघं भेटतात ते त्या सवयीवर, चालीवर नाही.

गावापासून सुरू करू. १९ व्या शतकात रशियन संगीतकारांनी लोकगीतं गोळा केली, बालाकिरेव्हचं चाळीस गाण्यांचं पुस्तक १८६६ चं, रिम्स्की-कोर्साकोव्हचं शंभर गाण्यांचं १८७७ चं. पद्धत काय, तर कुणीतरी गाऊन दाखवायचं, यांनी एक चाल उतरवून घ्यायची आणि खाली पियानोची साथ लिहायची. एक गाणं, एक चाल. मग १८९७ मध्ये येवगेनिया लिन्योवा नावाच्या बाई, स्वतः गायिका, फोनोग्राफ घेऊन खेड्यांत गेल्या, मेणाच्या सिलिंडरवर गाणी भरली आणि घरी आणून परत परत ऐकली. तेव्हा स्पष्ट ऐकू आलं की चार बायका एकत्र गातायत पण चौघींची चाल वेगळी आहे. एक सुरुवात करते, बाकीच्या आपापली वाट काढत जातात, मधेच लांब पळतात, मधेच येऊन एका सुरावर मिळतात, आणि पुढचं कडवं आलं की पहिलीसुद्धा मगाशी गायली तसं गात नाही. "मूळ चाल कुठली?" या प्रश्नाला उत्तरच नाही. रशियनमध्ये या बाजूबाजूने जाणाऱ्या आवाजांना पोदगोलोस्की म्हणतात. वहीत उतरवून घेताना हे सगळं गळून पडत होतं, कारण लिहिणाऱ्याला एकच ओळ हवी होती.

आणि त्यातही एक प्रकार आहे प्रोत्याझ्नाया, म्हणजे संथ, लांबवत गायचं गाणं. त्यात शब्दसुद्धा अख्खा राहत नाही. अर्धा शब्द म्हणतात, तो ताणतात, त्यात "ओय", "एख" असले स्वर घुसडतात, श्वास घेतात, मग उरलेला शब्द. अनोळखी माणसाला वाटावं की ही बाई विसरली की काय. स्तारोस्तिन गातो ते हे. त्याचा आवाज ऑपेराचा नाही आणि सोव्हिएत काळात रंगीबेरंगी पोशाख घालून स्टेजवर चकाचक लोकगीतं म्हणणाऱ्या सरकारी कॉयर असायच्या, तसला तर अजिबातच नाही. सत्तरच्या दशकात या चकाचकपणाला कंटाळून काही तरुण मंडळी थेट खेड्यात जायला लागली, दिमित्री पोक्रोव्स्कीचा १९७३ मध्ये सुरू झालेला ग्रुप त्यात सगळ्यात नावाजलेला, आणि स्तारोस्तिन त्याच लाटेतला.

म्हणजे इम्प्रोव्हायझेशन गावात होतंच. आता क्लासिकलकडे बघा. १८४८ साली ग्लिंका या रशियन संगीतकाराने "कामारिन्स्काया" नावाचा ऑर्केस्ट्राचा पीस लिहिला, छोटासाच आहे, सात-आठ मिनिटांत संपतो. त्याच्यात एक लग्नाचं संथ गाणं आणि एक नाचाची धून, आणि ती धून इतकी इवलीशी की काही सेकंदांत संपते. जर्मन पद्धतीने धुनेचे तुकडे करायचे, ते उलटेपालटे करून मोठी इमारत उभी करायची, तर इथे तुकडे करायला काही उरतच नाही. मग ग्लिंकाने काय केलं, धून तशीच ठेवली आणि पंचाहत्तर वेळा की काय परत वाजवली, आणि दर वेळी मागचं चित्र बदललं. वाद्यं बदलली, खालचे सूर बदलले, कधी गंभीर, कधी टवाळ. पुढच्या बऱ्याच रशियन संगीतकारांनी ही युक्ती उचलली.

आता मॉस्को आर्ट ट्रिओ ऐकताना हे डोक्यात ठेवा. स्तारोस्तिन एखादं गाणं धरून बसतो, हलत नाही, कडव्यामागून कडवं. आणि आल्पेरिन पियानोवर त्याच्या मागचं चित्र बदलत राहतो. पहिल्यांदा फक्त एक खालचा सूर, मग एक लंगडा ठेका डाव्या हातात, मग अचानक चर्चच्या घंटेसारखे जड कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम, मग एकदम सगळं थांबवून शांतता. ग्लिंकाने हे आधी बसून लिहून काढलं होतं, आल्पेरिन यातलं बरंचसं तिथल्या तिथे ठरवतो. फरक तेवढाच.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे कळायला खरं तर सोपं जावं. ख्यालात बंदिश दोन-चार ओळींची असते आणि गाणं पाऊण तास चालतं, पाऊण तास काय चाललं होतं ते सांगायची गरज आपल्याला पडत नाही. पण एक मोठा फरक आहे, ख्यालात वाढ होते ती गाणाऱ्याच्या ओळीची आणि साथ पाठीशी राहते, इथे बऱ्याचदा ओळ जागेवर राहते आणि जे काही घडतं ते साथीत घडतं. त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना "हा माणूस पुढे का जात नाही" असं वाटून कंटाळा येऊ शकतो, मलाही आला होता, कारण कान चुकीच्या माणसाकडे लावला होता.

ड्रम आणि बास का नाहीत याचं उत्तरही इथेच आहे. ड्रम असले की सगळ्यांना एका मोजपट्टीवर चालावं लागतं. प्रोत्याझ्नाया मोजपट्टीवर चालत नाही, दोइनाही नाही. त्यात गाणाऱ्याचा श्वास संपला की ओळ संपते. मग तिथे ताल राखायचं काम वाटून घेतलं जातं, कधी पियानोचा डावा हात, कधी शिल्क्लोपर हॉर्नवर बासच्या सुरांचे टप्पे टाकतो, कधी पायाने ठेका, कधी टाळ्या, आणि कधी कुणीच नाही. हॉर्नवर बासचं काम करणं ऐकायला मजेदार वाटतं, करायला जीवघेणं आहे, ओठांची हालत होते.

बरं, आता जरा आवाजाच्या आत जाऊ, कारण मला या ट्रिओत सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट तिथे आहे.

फ्रेंच हॉर्न म्हणजे एक लांबलचक पितळी नळी, गोल गुंडाळलेली. उलगडली तर साधारण पावणेचार मीटर. स्वित्झर्लंडच्या डोंगरात ते लाकडाचं लांब वाद्य वाजवतात, जमिनीला टेकलेलं, त्याला अल्पहॉर्न म्हणतात, आणि एफ सुरातल्या अल्पहॉर्नची लांबीसुद्धा तितकीच. म्हणजे मुळात एकच नळी. शिल्क्लोपर दोन्ही वाजवतो. अल्पहॉर्नला भोकं नाहीत, कळा नाहीत, फक्त ओठांचा ताण बदलून जे निघतील तेच सूर. आणि कुठल्याही नळीतून असे सूर ठरलेल्या क्रमानेच निघतात. सगळ्यात खालचा सूर सा धरला तर दुसरा वरचा सा, तिसरा प, चौथा सा, पाचवा ग, सहावा प. सातवा मात्र कोमल नी पेक्षा किंचित उतरलेला. मग आठवा सा, नववा रे, दहावा ग, आणि अकरावा येतो तो शुद्ध म आणि तीव्र म यांच्या जवळजवळ बरोब्बर मधे. पियानोवर हा सूर नाहीच. दोन पट्ट्यांच्या फटीत आहे तो.

इकडे स्तारोस्तिनकडे एक बासरी आहे, कलूका. दक्षिण रशियात, बेल्गोरोदकडे वाजवतात, पारंपरिकरीत्या एखाद्या झाडाच्या पोकळ देठाची करायचे. तिलाही भोकं नाहीत! खालचं तोंड बोटाने बंद केलं की सुरांची एक रांग, उघडलं की दुसरी, आणि बंद-उघड करत करत त्यातून धून काढायची. म्हणजे स्वित्झर्लंडचं डोंगरी वाद्य आणि रशियन गुराख्याची देठाची बासरी एकाच नियमावर चालतात आणि दोघांतही ते फटीतले सूर आहेत. शिवाय दक्षिण रशियन खेड्यांत गातानाही गंधार कधीकधी धड कोमल नसतो आणि धड शुद्ध नसतो, मधेच कुठेतरी असतो. हॉर्न आणि गळा यांचं त्यामुळे आधीपासून जमलेलं आहे. उपरा कुणी असेल तर तो पियानो.

आणि आल्पेरिनला हे बरोबर माहिती होतं. जिथे हे सूर येतात तिथे त्याचा हात आखडता झालेला ऐकू येतो, एखादा खालचा सूर धरून ठेवतो, नाहीतर दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबून फट अंधुक करून टाकतो, नाहीतर सरळ गप्प बसतो. चांगल्या पियानोवाल्याला दहा बोटं मोकळी असताना गप्प बसणं फार जड जातं. कधीकधी पियानो सोडून तोंडाने फुंकायची मेलोडिका घेतो, म्हणजे मग तोही श्वासवाल्यांच्या बाजूला जातो.

शिल्क्लोपरची अजून एक करामत आहे. हॉर्न वाजवता वाजवता तो त्याच हॉर्नमध्ये गातो, म्हणजे एक सूर ओठांचा, दुसरा गळ्याचा, आणि दोन्ही नीट जमले की कानाला तिसराही ऐकू येतो, एका माणसाचा कॉर्ड. लोकांना वाटतं ही काहीतरी जॅझवाल्यांची अचाट आयडिया. तर नाही, वेबर या जर्मन संगीतकाराने १८१५ मध्ये पक्क्या केलेल्या हॉर्न कॉन्चेर्तिनोत, म्हणजे हॉर्न आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या छोट्या रचनेत, हेच करायला लावलंय, वादकाने एकट्याने वाजवायच्या जागेत. आणि ती जी एकट्याची जागा, कडेन्झा म्हणतात ती, ती त्या काळात वादकाने तिथल्या तिथे रचायची असंच धरलेलं असायचं. पुढे लोक छापील कडेन्झा पाठ करायला लागले. म्हणून म्हटलं, क्लासिकलच्या घरातही ही सवय होती, फक्त मोडली होती.

त्या सुरांच्या रांगेचा धागा पकडून त्यांनी मोठी मोट बांधायचाही प्रयत्न केला. १९९८ चा "माउंटन टेल" हा अल्बम, त्यात बल्गेरियन बायकांची कॉयर आंजेलिते आणि सायबेरियाच्या दक्षिणेकडच्या तुवा प्रांतातला हुन-हुर-तू हा ग्रुप, घशातून एकाच वेळी दोन सूर काढणारे. त्यांचा वरचा शिटीसारखा सूर म्हणजे पुन्हा तीच सुरांची रांग, फक्त ते लोक गाताना सातवा आणि अकरावा सहसा टाळतात, उरलेल्यांतून धून करतात. कागदावर हे सगळं इतकं छान जुळतं की विचारू नका. प्रत्यक्षात, माझं मत हं, जरा गर्दी होते. बल्गेरियन कॉयर गायला लागली की बाकीच्यांना तिच्या आवाजापुढे जागाच राहत नाही, आणि ट्रिओची खरी मजा तर जागा सोडण्यात आहे. काही ठिकाणी अंगावर काटा येतो हे मात्र खरं.

आणि हे वाचून कुणाला वाटेल की फारच गंभीर प्रकरण दिसतंय, तर तसंही नाही. यांच्यात भरपूर वात्रटपणा आहे. आल्पेरिन पियानोवर बसून तोंडाने चित्रविचित्र आवाज काढतो, सर्कशीतल्यासारख्या वॉल्ट्झ नाचाच्या धुना मधेच येतात, लग्नातला दारू प्यालेला बँडवाला येतो, हॉर्न हत्तीसारखं ओरडतं. त्यांच्या २००६ च्या अल्बमचं नाव आहे "इन्स्टेड ऑफ मेकिंग चिल्ड्रन", पोरं काढण्याऐवजी! कधीकधी हा नाटकीपणा जास्त होतो आणि विनोद स्टेजवर होता तेवढा रेकॉर्डमध्ये उरत नाही, पण लग्नात वाजवलेल्या माणसाला पाहुण्यांना हसवायची सवय असणारच.

नॉर्वेत गेल्यावर आल्पेरिन ओस्लोच्या संगीत अकादमीत शिकवत होता आणि तिथल्या तरुण पियानोवाल्यांवर त्याची बरीच छाप पडली. तिघं वेगवेगळ्या देशांत राहत असूनही ट्रिओ वर्षानुवर्षं टिकला, नॉर्वेजियन चेंबर ऑर्केस्ट्राबरोबरही त्यांनी काम केलं. २०१८ च्या मे महिन्यात आल्पेरिन गेला आणि ट्रिओ तिथेच संपला, कारण त्याच्या जागी दुसरा पियानोवाला बसवून चालणारं हे काम नव्हतं.

ऐकायचं असेल तर हॅम्बुर्गमधल्या लाइव्ह कॉन्सर्टच्या अल्बमपासून सुरू करा, तिघंच आहेत आणि प्रेक्षकांमुळे वात्रटपणाही जिवंत आहे. आल्पेरिन आणि शिल्क्लोपरचा १९८९ चा "वेव्ह ऑफ सॉरो" त्यानंतर, तो जास्त शांत आहे, रात्रीचा ऐकायचा. आणि पहिल्या फेरीत गाण्याचे शब्द काय असतील याच्या मागे लागू नका, रशियन येणाऱ्यांनासुद्धा प्रोत्याझ्नायातला निम्मा शब्द पुढच्या श्वासानंतरच कळतो.